घाटाखाली थांबलेले चाक

कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता शहाडचा पूल उतरला, की उल्हासनगरच्या कॅम्प १ची दाट वस्ती त्याच्या अंगाला येऊन भिडते; पुढे म्हारळ, वरप, कांबा ही गावे मागे टाकीत तो रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडतो, आणि गोवेली, मुरबाड, टोकावडे अशी मजल-दरमजल करीत वैशाखऱ्यापाशी सह्याद्रीच्या थेट पायाशी जाऊन उभा राहतो. ट्रकांच्या धुराने आणि रिक्षांच्या गर्दीने त्रासलेल्या आजच्या वाटसरूला, हा रस्ता दोन-तीन पिढ्यांपूर्वी बांधकाम खात्याने आखला असावा, असे वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु ज्या काळी ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवृत्तात कल्याण बंदराची नोंद झाली, त्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातही बंदरावर उतरलेला माल याच दिशेने नाणेघाटाकडे आणि तेथून जुन्नरकडे जात होता, आणि उल्हासनगर नावाच्या शहराच्या वयाच्या पंचवीसपटीहून अधिक या वाटेचे वय आहे.

या प्रदीर्घ इतिहासात एक गोष्ट मला विशेष लक्षणीय वाटते. कोकणातल्या सपाटीवर गाडी होती, देशावरही गाडी होती. कुंभाराचे चाक, मोटेचे चाक, देवाच्या रथाचे चाक, सारे काही होते. पण या दोन मुलखांच्या मध्ये जो काळा उभा कडा पसरला आहे, त्याच्या पायथ्याशी आले की चाक थांबे आणि तेथून पुढचा कारभार बैलाच्या, तट्टाच्या आणि हमालाच्या पायांकडे जाई. घाटाखाली थांबलेले हे चाक वर कधी व कसे चढले, याचा शोध घेऊ लागले असता आपण प्रथम तोफखान्यापाशी, मग आगगाडीपाशी आणि अखेर, काहीशा अनपेक्षितपणे, सायकलीपाशी येऊन पोहोचतो.

चाकाला अडविणारा हा कडा घडला कसा, हे आधी पाहिले पाहिजे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूभागात पृथ्वीला भेगा पडून लाव्हारस वर आला. उंच शंकूच्या मुखातून उसळणाऱ्या ज्वालामुखीचे जे चित्र शाळेच्या पुस्तकात असते, तसा हा प्रकार नव्हता. लांबच लांब भेगांतून पातळ रस वाहत राहिला, पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा रस आला. भाकऱ्यांच्या चवडीसारखे हे थर एकावर एक बसत गेले आणि आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट आणि काळाकभिन्न, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ठिसूळ, ज्याच्या पोकळ्यांत पांढऱ्या-हिरव्या गारगोट्या बसलेल्या असतात. क्वचित दोन थरांच्या मध्ये भाजलेल्या तांबड्या मातीचा पट्टाही दिसतो. पावसाने ठिसूळ भाग झिजतो, कठीण भाग तसाच उभा राहतो. म्हणून सह्याद्रीचा चढ कोठेही एकसारखा नाही. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. या मधल्या सपाटीला डोंगरातली माणसे पदर म्हणतात, तिच्यावर नाचणी-वरीची शेते करतात, गुरे चारतात. किल्ल्यांच्या माच्याही याच सपाट्यांवर वसल्या. उंचीच्या हिशेबाने पाहिले तर सह्याद्रीला फार मोठा तोरा मिरविता येणार नाही, कारण त्याचे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे १६४६ मीटरांचे आहे. परंतु जवळजवळ समुद्रसपाटीवरून निघून दीड-दोन कोसांच्या आत अडीच हजार फूट चढावे लागते, तेव्हा बैलाला किंवा माणसाला शिखराची उंची विचारावीशी वाटत नाही.

नाणेघाट ही या कड्यातील एक अरुंद फट. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सातवाहनांनी येथे लेणे कोरले, त्यात राणी नागनिकेच्या नावाशी जोडला गेलेला लेख खोदविला, यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची यादी आकड्यांसह लिहविली, आणि राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा भिंतीवर कोरविल्या, ज्यांच्या आज केवळ पावलांच्या खुणा उरल्या आहेत. घाटमाथ्यावर दगडाचा एक प्रचंड रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी लोकांची समजूत. समजूत खरी असो वा नसो, जकात घेतली जात असली पाहिजे, कारण अशी चिंचोळी वाट हाती असताना जकात न घेणारा राज्यकर्ता आजवर कोणत्याही मुलखात जन्माला आलेला नाही. वर जाई ते मीठ, सुकी मासळी आणि बंदरावरचा परदेशी माल. खाली येई ते धान्य आणि कापड. हे सारे गोण्यांत भरून, बैलांच्या पाठीवर लादून, वंजारी-लमाणांच्या तांड्यांतून. घाटाची वाट जागोजाग दगड बसवून बांधलेली आहे, पण त्या पायऱ्यांची उंची आणि वळणांचा आखूडपणा पाहिला की ती खुरासाठी बांधली होती, हे कोणालाही ओळखता येते. दोन बैलांची गाडी त्या वळणात वळूच शकत नाही.

नाणेघाटातल्या या शिलालेखाकडे आधुनिक विद्वानांचे लक्ष वेधणारा गृहस्थ कर्नल विल्यम साइक्स हा होता, आणि त्याच्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. मुंबई सरकारने त्याला इलाख्याची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले होते. तेव्हा पिके, पक्षी, मासे, वजने-मापे, गावांची वतने, जे दिसेल ते तो लिहून घेई. १८२८च्या उन्हाळ्यात तो नाणेघाटात आला आणि त्याने लेख पाहिला. हाच साइक्स वायुभारमापक घेऊन डोंगरांच्या उंच्या मोजीत हिंडे, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर कसे आडवे पसरलेले आहेत याचे आरंभीच्या वर्णनांपैकी एक वर्णन त्यानेच १८३०च्या दशकात लंडनच्या भूशास्त्रज्ञांपुढे मांडले. एकाच माणसाने खडकाची लिपी आणि खडकावरची लिपी या दोहोंकडे जगाचे लक्ष वेधावे, हा योग दुर्मीळ म्हटला पाहिजे. लेख वाचण्याचे काम मात्र पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि डॉ. ब्यूलर यांच्याकडे गेले.

चाकाची कोंडी फुटली ती नाणेघाटात नव्हे, दक्षिणेला बोरघाटात, आणि तीही व्यापाराच्या निमित्ताने नव्हे, तोफांच्या. १८०४ साली जनरल वेलस्लीने, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, तोफखाना चढविता यावा म्हणून बोरघाटाची वाट सुधारून घेतली. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने तिचा खरा गाडीरस्ता केला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो मोठ्या समारंभाने खुला झाला. त्या वेळी बांधलेला पूल पुढे अमृतांजनच्या जाहिरातीवरून ओळखला जाऊ लागला आणि २०२० साली पाडण्यात आला. रस्त्यामागून आगगाडी आली. ठाण्याहून कल्याणपर्यंत १८५४ साली, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारांतून खोपोलीपर्यंत १८५६ साली ती पोहोचली. तेथे घाटाखाली तीही थांबली, आणि खंडाळ्यापर्यंतचा चढ चढायला तिला १८६३ साल उजाडावे लागले. सदतीस फुटांत एक फूट, हा त्या लोहमार्गाचा चढ. वाफेच्या इंजिनाला याहून अधिक झेपत नव्हते, म्हणून पंचवीस बोगदे खोदून आणि एके ठिकाणी गाडीची तोंडे उलटी फिरवून हा एक फूट साधावा लागला. चाकाला वर न्यायचे तर डोंगर सौम्य करावा लागतो, हे तत्त्व येथे पक्के झाले: चाक बदलायचे नाही, वाट बदलायची.

याचा परिणाम असा झाला, की ज्या वाटा चाकासाठी सौम्य करता येत नव्हत्या त्या एकामागून एक ओस पडल्या. थळघाटात १८६५ साली आगगाडी चढली, आणि बोर व थळ यांच्या मधल्या नाणे, माळशेज, भीमाशंकर या बैलवाटांचे महत्त्व ओसरले. त्या अगदी मेल्या मात्र नाहीत. लाकूडफाटा, मध, हिरडा घेऊन उतरणारे महादेव कोळी आणि ठाकर त्या वापरीत राहिले, भीमाशंकराचे यात्रेकरू खांडसवरून चढत राहिले, आणि १९४२च्या आंदोलनात माथेरानचे भाई कोतवाल यांचा आझाद दस्ता याच रानवाटांच्या बळावर सरकारला चकवीत राहिला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी पोलिसांच्या गोळ्यांपुढे प्राण दिले. सरकारची मोटार जेथे पोहोचत नव्हती तेथेच तो दस्ता सुरक्षित होता, हीही चाकाच्या इतिहासातली एक नोंद म्हणावी लागेल.

त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत कल्याणच्या पूर्वेला उल्हासकाठच्या माळावर लष्कराने छावणी उभारली. रेल्वेचे जंक्शन जवळ, नदीचे पाणी हाताशी, आणि वर पसरलेली मोकळी जमीन. सैन्य आणून ठेवावे आणि पुढे पाठवावे यासाठी जागा नामी होती. युद्ध संपले, छावणी रिकामी झाली, आणि फाळणीने घरदार सोडावे लागलेले हजारो सिंधी निर्वासित त्या बराकींत येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीच्या नामकरणाची शिळा बसविली. नाव नदीवरून पडले, पण कॅम्पांचे क्रमांक कायम राहिले, आणि आजही येथील माणूस पत्ता सांगताना कॅम्प आणि बराकीचा नंबर सांगतो. सिंधू नदीच्या गाळाच्या मैदानातून आलेल्या या माणसांना, जेथे कित्येक कोस चालूनही दगड सापडत नाही अशा जिल्ह्यांतल्या लोकांना, खिडकीतून दिसणारी मलंगगड, चंदेरी, माथेरान ही काळी रांग प्रथम कशी वाटली असेल, याची कल्पना मी अनेकदा करतो. शेजारच्या अंबरनाथात शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातले, शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे, त्याच काळ्या पाषाणात कोरलेले शिवालय उभे होते. त्याच्याजवळून वाहणारी वालधुनी पुढे या निर्वासितांच्या बराकींमधून जात होती.

मैदानातल्या या माणसांनी एक गोष्ट मात्र चटकन आपलीशी केली, ती म्हणजे सायकल. लष्कराने आखलेले रस्ते सरळ आणि सपाट होते. धंदा उभा करायला भांडवल नव्हते. पापड, बिस्किटे, कापडाचे तागे, जे काही बराकीत तयार होई किंवा मुंबईहून स्वस्तात आणता येई, ते कॅरिअरवर बांधून कल्याणच्या आणि आसपासच्या गावांच्या दारोदार नेणे हाच पहिला व्यापार होता. १९५०च्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉन आणि अंबरनाथला संरक्षण खात्याचा कारखाना उभा राहिला. विमकोचा आगकाड्यांचा कारखाना तर अंबरनाथला आधीपासूनच होता. पाळीचा भोंगा झाला, की फाटकाबाहेर सायकलींच्या रांगा लागत. त्याच सुमारास परदेशी हर्क्युलिस आणि रॅलेच्या जोडीला देशी सायकली येऊ लागल्या; सोनिपतची ॲटलस १९५१ची, लुधियानाची हीरो १९५६ची.

त्या काळच्या सायकल दुकानाचे वर्णन केल्यावाचून पुढे जाववत नाही. पत्र्याच्या छपराखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या भाड्याच्या सायकली, प्रत्येकीच्या मडगार्डवर रंगविलेला नंबर. दुकानदाराच्या हाती एक मळकी वही, तीत नेल्याची वेळ. घमेल्यात काळपट पाणी, त्यात बुडवून फिरविलेली ट्यूब, बुडबुडा दिसला की त्यावर रोवलेले बोट, मग कानसीने घासणे, सोल्युशन लावून फुंकर घालणे आणि चिकटविलेल्या तुकड्यावर हातोडीचे दोन हलके ठोके. नगरपालिकेचा पितळी बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट बसविले, की हवालदार अडवी, हे सायकलस्वारांचे नित्याचे भय. दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारणारी पोरे तासाच्या भाड्यात कॅम्पाच्या सीमेपर्यंत जात. त्यांतले धीट म्हारळच्या पुढे जात.

पण घाटाखाली तीही सायकल थांबे. तिचे गणित साधे आहे. पायडलाचा एक फेरा झाला की मागचे चाक अडीच वेळा फिरे आणि सायकल साडेपाच मीटर पुढे जाई. सपाटीवर हे सोयीचे, पण चढावर याचा अर्थ असा, की प्रत्येक फेऱ्यात माणसाने स्वतःला आणि वीस किलोंच्या लोखंडाला साडेपाच मीटरांच्या चढाएवढे उचलायचे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत खोपोलीवरून खंडाळ्याला सर्वांत आधी पोहोचणाऱ्या स्वाराला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो आणि संपूर्ण शर्यत जिंकणाऱ्याइतकीच त्याची वाहवा होते, त्याचे कारण प्रेक्षकांना हे गणित आकड्यांशिवायच कळते. आणि ती शर्यतही माल्कमने सौम्य केलेल्या वाटेवर होते, हे विसरता कामा नये.

मुंबईच्या लोकांनी सायकलीवरून अवघड मुलूख पालथा घातला नव्हता असे नाही. १९२३ साली येथून निघालेल्या पारशी तरुणांपैकी हकीम, बापासोला आणि भुमगरा या तिघांनी सुमारे साडेचार वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. त्यांच्यामागून १९२४ साली निघालेल्या फ्रामरोझ दावर यांनी सहारा आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज ही ज्वालामुखींनी भरलेली पर्वतराजीसुद्धा ओलांडली. साध्या सायकलीवर, आणि जेथे चालविणे अशक्य तेथे ओढीत किंवा खांद्यावर घेऊन. हे धाडस अलौकिक खरे, पण ते स्वाराच्या स्नायूंचे होते. चाक होते तसेच राहिले.

चाक बदलले ते कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपायस डोंगरावर. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण भंगारातल्या जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या उतारावरून शर्यती लावू लागले. ऑक्टोबर १९७६मधील त्यांच्या पहिल्या शर्यतीचे ‘रिपॅक’ हे नाव कशावरून पडले, तर उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. त्यांच्यातल्या जो ब्रीझ याने १९७७ साली खास या कामासाठी सांगाडा घडविला. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली अशा सायकलींचे दुकानच काढले. पुढे १९९० साली जागतिक अजिंक्यपद आणि १९९६ साली ऑलिंपिक, इतक्या वेगाने हे लोण पसरले. दरम्यान १९८४च्या अखेरीस निक आणि रिचर्ड क्रेन हे दोघे इंग्रज आप्त आफ्रिकेतील किलिमांजारो या ५८९५ मीटर उंचीच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर अशा सायकली घेऊन जाऊन आले.

या नव्या सायकलीत पुढे बावीस दात्यांची चक्री आणि मागे चौतीस दात्यांची, अशी जोडी लावता येते. पायडलाच्या एका फेऱ्यात चाकाचा फेरा पुरा होत नाही आणि सायकल सव्वा मीटरहून थोडीच अधिक सरकते. म्हणजे जुन्या सायकलीच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. वेलस्लीच्या, माल्कमच्या आणि आगगाडीच्या अभियंत्यांच्या काळापासून जी समजूत दृढ झाली होती, की चाक कायम ठेवून वाट सौम्य करावी, ती येथे उलटली. वाट आहे तशीच राहिली आणि चाक सौम्य झाले. मला तरी या सायकलीचे ऐतिहासिक महत्त्व एवढ्यातच दिसते. तिच्याभोवती जमलेला रंगीबेरंगी पोशाखांचा आणि महागड्या सामानाचा सरंजाम हा निव्वळ बाजार आहे. त्यातल्या काही सायकलींची किंमत मुरबाड तालुक्यात बैलजोडीपेक्षा जास्त होते, आणि त्या वाटेवरच्या शेतकऱ्याने त्याबद्दल हसू आवरले नाही, तर त्याला दोष देता येणार नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील तरुण आता रविवारी पहाटे या सायकली घेऊन निघतात. कोणी बदलापुराहून कोंडेश्वराकडे जातात, कोणी बारवी धरणाच्या रानातून मुरबाडला निघतात, आणि ज्यांच्या पायांत बळ आहे ते थेट माळशेजला. काळ्या खडकावर चालविण्याची विद्या निराळी आहे, हे त्यांना लौकरच समजते. उन्हाळ्यात कातळ खरखरीत असतो, टायर त्याला घट्ट धरतो, आणि धोका असतो तो मुरमाचा, जो वळणावर चाकाखालून गोट्यांसारखा निसटतो. पावसाळ्यात उलटे होते. मुरूम ओला होऊन बसतो आणि कातळावर हिरवट काळे शेवाळ येते, ज्यावर ब्रेक दाबणे म्हणजे पडण्याला रुकार देणे. टायरमधली हवा थोडी कमी ठेवावी, अंग मागे घ्यावे, पुढचा ब्रेक विसरून जावा, ही शिकवण येथे पडूनच मिळते. पदरावरची सपाटी आली की सायकल सुटते, कडा आला की अडते. आणि अशा रीतीने गिअर बदलता बदलता, लाव्हाचा एकेक थर कोठे संपला आणि कोठे सुरू झाला, हे पुस्तक न उघडता पायांना कळते.

माळशेजचा मोटाररस्ता विसाव्या शतकातला, कडा तासून काढलेला. दर पावसाळ्यात त्यावर दरडी कोसळतात आणि वाहतूक खोळंबते, कारण आडव्या थरांना उभे कापले की वरचा ठिसूळ भाग सुटा होतो. नाणेघाटाची वाट मात्र, कोणतीही डागडुजी नसताना, बहुतांशी जागेवर आहे. त्यामुळे घाटमाथ्यावर चढून गेलेल्या सायकलस्वारांपैकी काहींना परतताना नाणेघाटाच्या पायऱ्यांवरून खाली उतरण्याची इच्छा होते, आणि बावीस-चौतीसच्या चक्रीने नव्हे, तरी चांगल्या ब्रेकांनी ते काही अंशी शक्यही असेल. माझे मत त्याविरुद्ध आहे. एक तर त्या वाटेवरून आजही गावकरी डोक्यावर भारे घेऊन चढत असतात आणि त्यांना बाजूला होण्यास जागा नाही. दुसरे म्हणजे जी फरसबंदी वीस शतके खुरांनी आणि अनवाणी पायांनी झिजविली, तिचे चिरे ब्रेक दाबलेल्या टायराच्या फरफटीने सुटू लागले, तर ते पुन्हा बसविणारे हात आता नाहीत. लेण्यापासून खालच्या रानापर्यंतच्या त्या टप्प्यात सायकल खांद्यावर घ्यावी. वजन बारा-तेरा किलोंचे, म्हणजे बैलाच्या गोणीपुढे काहीच नाही. वैशाखऱ्याला रस्ता लागला की चढून बसावे, आणि टोकावड्याला चहा घेऊन पुढे निघावे.